डबा घेऊन गांधारपाल्याला

ये गो बाय, अशी जवळ सर. तो मोबाइल पालथा ठेव आणि आधी दोन बोल ऐकून घे, मग चहा. दर गणपतीला, दर मे महिन्यात तू महाडवरून जातेस. महाड जवळ आलं की हायवेला लागूनच डोंगराच्या पोटात काळी दारं दिसतात, ओळीनं, कुणी उघड्या डोळ्यांनी झोपल्यासारखी. कधी मान वर करून बघितलंस? झोपलेली असतेस, नाहीतर वडापाव कुठं चांगला मिळतो ते शोधत असतेस. दोन हजार वर्षं ती लेणी तिथं वाट बघत बसली आहेत आणि तुला अर्धा तास नाही!

आता म्हणशील, आजी, तू तरी कधी गेलीस? गेले की. ह्याच पौषात गेले, बहात्तराव्या वर्षी. त्याआधी पन्नास वर्षं मीही एसटीच्या खिडकीतनंच हात जोडायचे, पांडवांची लेणी म्हणून. तेव्हा रागावले ती निम्मी माझ्यावरच असं समज.

एकटी नाही गेले. जुबेदाबरोबर गेले. आधी ती कोण ते सांगते, नाहीतर पुढचं सगळं फुकट.

आमची वाडी उमरठच्या वर. खाचरं लहान, डोंगर मोठा. नाचणी, वरी आणि रानातला हिरडा, एवढंच आमचं धन. मीठ आणि सुकी मासळी खालून यायची. म्हणजे खाडीतून शिडाच्या पडावात, पडावातून महाडच्या पेठेत आणि पेठेतून आमच्या डोक्यावर. माझे सासरे बैलावर नाचणीच्या गोणी टाकून उतरायचे ते जुबेदाच्या सासऱ्यांच्या ओट्यावर सोडायचे. नाचणी द्यायची, सुकट घ्यायची. लग्नानंतर पहिल्यांदा मीही डोक्यावर ओझं घेऊन उतरले, तर ओट्यावर माझ्याच वयाची एक नवी सून माप घेऊन बसलेली. तिनं पहिलं माप ओतलं आणि म्हणाली, "लाभ." दुसऱ्याला म्हणाली, "दोन."

मी बघतच राहिले. आमच्याकडंही पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. म्हटलं, "तुमच्यात पण असंच म्हणतात?"

"पोटाला काय वेगळं असतं काय गो?" ती म्हणाली. ती जुबेदा.

त्या दिवशी वाटेतल्या न्याहारीसाठी मी आईनं दिलेला पितळी डबा नेला होता. दोन लाडू तिला दिले आणि डबा तिथंच विसरले. पुढच्या खेपेला तिनं डबा परत दिला तो सोड्यांनी, सोललेल्या सुक्या कोळंबीनं, भरून. रिकामं भांडं परत द्यायचं नसतं, हे तिच्या आईनं तिला शिकवलेलं, माझ्या आईनं मला. मग मी त्यात नाचणीचं सत्त्व घालून धाडलं. तिनं ईदचा शिरखुर्मा. मी मोदक. श्रावणात मी मासळी खात नाही, तर तिच्याकडनं खजूर. बाय, पन्नास वर्षं तो डबा खाली-वर फिरतोय, पण रिकामा कधी फिरला नाही. झाकणाला एक पोचा आहे, तो एसटीच्या टपावरून पडला तेव्हाचा. बैल गेले, सासरे गेले, आमचे हे गेले, नाचणी-सुकटीचा व्यवहारही गेला. डबा राहिला. मला वाचायला आलं तेसुद्धा ह्या व्यवहारापायी. सुकट बांधून आलेला पेपराचा कागद मी चुलीपुढं बसून अक्षर-अक्षर लावायचे. माझ्या लिहिण्याला अजून जवळ्याचा वास येतो म्हणतात घरातले.

तर पौषातली पहिली एकादशी झाली आणि जुबेदाचा फोन. "पारू, मी चालले. पोराकडं, कतारला. त्या पुरात सावित्रीचं पाणी माळ्यापर्यंत चढलं तेव्हापासून तो ऐकत नाय. आठ दिवसांनी विमान."

माझ्या तोंडून काय निघावं? "आणि लेणी?" म्हटलं.

कारण नव्या सुना होतो तेव्हा ठरवलेलं, एकदा वर चढायचं आणि तिथं बसून भाकर खायची. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत केस पांढरे झाले.

"तर मग ये," ती म्हणाली. "गुडघे हायत तोवर ये."

मी पिशवी भरली. नाचणीचं पीठ घेतलं, जवळ्याची चटणी घेतली आणि मनात एक डाव घेतला. म्हटलं, वर नेते हिला, नदी दाखवते, पेठ दाखवते. एकदा डोळाभर बघितलं की जायची नाही ही.

जुबेदाच्या घरी

पोलादपूरला एसटी बदलून दुपारी महाडला पोचले. जुबेदाच्या घरात बॅगा उघड्या पडलेल्या. भिंतीवर पुराची रेघ अजून दिसते, दोनदा चुना दिला तरी. तिनं तांदळाची वाफवलेली सांदणं केली होती, सोड्यांचं कालवण केलं होतं. मी आधी वार विचारला, सोमवारी मी मासळी खात नाही.

"बुधवार हाय गो बुधवार," ती म्हणाली. "तुझे देव मी तुझ्यापेक्षा सांभाळते."

आमच्याकडं सोड्यात चिंच पडते, ती आमसूल घालते. पन्नास वर्षं ह्यावरनं वाद आहे आणि पन्नास वर्षं मी दुसऱ्यांदा वाढून घेते.

जेवण झालं, हात धुतले आणि तिनं फडताळातून डबा काढून माझ्यापुढं ठेवला. चिंचेनं घासून लख्ख केलेला.

"घे गो तुझा डबा. लांब जाताना दुसऱ्याची वस्तू घरात ठेवू नये. आणि बोललंचाललं माफ कर."

मी उचलला. हलका लागला. झाकण काढलं. आत काही नव्हतं. माझंच तोंड दिसलं तळाला, वाकडं.

झाकण लावलं, डबा पिशवीत ठेवला. तिनंही माझ्याकडं बघितलं नाही, ती सांदणाचं भांडं पुसत बसली. बाय, मला कुणी शिव्या दिल्या असत्या तरी एवढं लागलं नसतं. रिकामा डबा परत देणं म्हणजे काय, ते आम्हा दोघींना सोडून कुणाला कळायचं? ह्यापुढं देणं नाही, घेणं नाही. संपलं.

गुडघ्याची परीक्षा

गांधारपाले, म्हणजे ती हायवेवरची लेणी, सकाळी करायचं ठरलं होतं. पण गुडघ्याची परीक्षा घ्यायला संध्याकाळी रिक्षा करून आधी कोलला गेलो, सावित्रीच्या पलीकडं. रिक्षावाला तिच्या गल्लीतलाच.

"चाची, तिकडं काय बघणार? चार खोल्या हायत. भाड्यानंपण कुणी घ्यायचा नाय."

"तू चल रे. आम्ही कुठं राह्यला चाललोय."

कोलची लेणी खरंच साधी. मूर्ती नाही, कोरीवकाम नाही, डोंगरात खोदलेल्या बुटक्या खोल्या. एका ठिकाणी टाकीचे घाव अजून तसेच होते, कारागीर जेवायला उठून गेला आणि परत आलाच नाही असं वाटलं. खाली शेतात वाल फुलले होते. उतरतं ऊन त्या पांढऱ्या फुलांवर आलं आणि सगळा माळ दूध उतू जावं तसा दिसायला लागला. जुबेदा उंबऱ्यावर बसून गुडघा चोळत होती.

"कोण राहत असंल गो इथं?"

"वाटसरू," मी म्हटलं. "खाडीतून माल यायचा, घाट चढायचा. तुझी सुकट, माझी नाचणी. आपल्यासारखेच."

"मग ते पण गेलेच की," ती म्हणाली.

माझा डाव हा नव्हता.

गांधारपाले

सकाळी निघालो तर धुकं असं, की हायवेवरचे ट्रक आवाजानं ओळखायचे. पायथ्याच्या पाले गावात रिक्षा थांबली. डोंगर नव्हताच समोर. पायऱ्या तेवढ्या दिसत होत्या, दहाएक, आणि त्यांच्या पुढं पांढरं. जणू कुणी अर्धीच कोरून सोडून दिल्या.

मी काठी तिला दिली आणि मोजायला लागले, "लाभ, दोन, तीन…"

"पायऱ्या मोजतेस की वरी?"

"जिभेला दुसरं येतच नाही."

दहा पायऱ्या आणि एक बैठक, असं चाललं. पाचव्या बैठकीला ती म्हणाली, "पारू, मी इथंच बसते. तू बघून ये आणि सांग मला."

"पन्नास वर्षं मी सांगितलेलं तुला कधी पटलंय?"

हसली आणि उठली. पण पुढच्या वळणावर तिचा पाय लचकला. माझा हात धरला तर मीही बसले, दोघी पायरीवर आपटलो. पिशवीतला डबा खणखणला. त्या धुक्यात तो आवाज असा घुमला, की वरून कुणीतरी विचारलं, "कोण हाय? लागलं काय?"

खराटा घेतलेली एक बाई धुक्यातून खाली आली. पस्तिशीची असेल. नाव कविता, खालच्या बौद्धवाडीची. पौर्णिमेला वाडीतली माणसं वंदनेला येतात म्हणून आदल्या दिवशी पायऱ्या झाडते. तिनं जुबेदाचा पाय मांडीवर घेतला, घोटा चोळला आणि म्हणाली, "मावशी, थोडंच राहिलंय. माझ्या खांद्यावर हात टाका."

असे आम्ही चढलो, तिच्या एका बाजूला जुबेदा आणि दुसऱ्या बाजूला खराटा. मी मागं पिशवी घेऊन.

पहिलंच लेणं मोठं आहे. समोर खांब, आत आमचं निम्मं गाव बसेल एवढी ओसरी, कडेनं ओटा आणि मधल्या गाभाऱ्यात बुद्ध बसलेला. दोन्ही बाजूंना चवरीवाले, पायाशी चक्र आणि दोन हरणं. आणि बघ, नशीब कसं असतं. ही लेणी पूर्वेकडं तोंड करून आहेत. आम्ही उंबरा ओलांडला आणि बाहेर धुक्याला भोक पडलं. ऊन आलं ते खांबांच्या मधून थेट आतपर्यंत. दगड तांबूस झाला, ओला दिसायला लागला. नुसता आमच्या तिघींचा श्वास त्या भिंतींना लागून परत येत होता.

मी सवयीनं पिशवीतून कुंकवाची डबी काढली. कविता हळूच म्हणाली, "आजी, कुंकू नाय लावत त्यांना. फूल ठेवा, नायतर नुसते हात जोडा."

मी ओशाळले. "आम्ही पांडवांची म्हणत होतो गो. एका रात्रीत कोरली म्हणून."

"एका रात्रीत?" ती खराटा टेकून हसली. "आमचा एक बाथरूम बांधायला गवंड्यानं चार महिने लावले."

जुबेदानं डोक्यावर पदर घेतला आणि बाजूला उभी राहून ओंजळ धरली, तिच्या पद्धतीनं. मी हात जोडले, माझ्या पद्धतीनं. कवितानं तिच्या पद्धतीनं. बुद्धानं डोळे मिटलेलेच ठेवले, त्याला काही फरक पडला नाही.

मग तिनं आम्हाला पुढची लेणी दाखवली. पंचवीस-तीस असतील, वर-खाली. कुठं एक माणूस निजेल एवढीच खोली आणि आत दगडाचाच ओटा. बाहेर कातळात खोदलेलं टाकं, पौषातही पाणी. भिंतीवरच्या एका लेखावर हात ठेवून कविता म्हणाली, "ह्यात लिवलंय, कुणी लेणं दिलं, कुणी लेण्यासाठी शेत दिलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून. पाणी पण सगळ्यांचं." आणि थोडं थांबून म्हणाली, "ते आपल्या महाडाला निराळं सांगायला नको."

"नको गो," मी म्हटलं. आमच्याच ओसरीवर पूर्वी कुणाला वरून पाणी ओतलं जायचं ते मला आठवलं. तिला न सांगताही ते कळलं असावं. तिनं विषय पुढं नेला, मला खाली बघायला लावलं नाही.

एका खोलीत ती म्हणाली, "वर बघा." तिथं एके काळी स्तूप होता. तो कधीच गेला, खाली खडबडीत बुंधा राहिलाय. पण त्याच्या डोक्यावरची दगडी छत्री छतालाच कोरलेली, ती तशीच आहे. खाली कुणी नाही आणि वर छत्री धरलेली. जुबेदा बराच वेळ मान वर करून बघत राहिली.

ओट्यावर

कविता झाडायला गेली आणि आम्ही एका खोलीत शिरलो. भाकर सोडली. नाचणीची भाकर, जवळ्याची चटणी, कांदा हातानं फोडलेला. ठरवल्यापासून पन्नास वर्षांनी. खाऊन जुबेदा ओट्याला टेकली, मी त्याच ओट्यावर आडवी झाले. दगड थंड, पण अंगाला बसणारा. कितीतरी जणांनी निजून निजून गुळगुळीत केलेला.

डोळा लागला की नाही सांगता येत नाही. हायवेचा आवाज लांब गेला आणि त्याच्या जागी घुंगरं वाजायला लागली. बैलांची, बारीक, एकामागे एक, धुक्यातून वर येणारी. खाली नदी फुगलेली, तिच्यात शिडं. कुणीतरी गोणी सोडली, धप्प. कुणी बाई दाराशी आली, तिच्या हातात काही झाकलेलं होतं. ते तिनं ओट्यावर ठेवलं आणि आतल्यानं त्या जागी दुसरं काही झाकून दिलं. ती निघाली. मी म्हटलं, थांब की. ती वळली, पण चेहरा दिसला नाही. लांबून कुणी माप घालत होतं, बोली अनोळखी. पण पहिल्या मापाला स्वर असा लावला होता, की मला वाटलं, हे लाभच म्हणतायत.

जागी झाले तर जुबेदा घोरत होती आणि ऊन पायापाशी आलं होतं.

मी उठून दारात उभी राहिले. धुकं उतरलं होतं. खाली गांधारी नदी, पुढं सावित्री, तिच्या कडेला महाड, लहान, कुणी कौलं सांडल्यासारखं. मला हेच तिला दाखवायचं होतं. हेच बघून ती राहील म्हणून आणलं होतं तिला. आणि आता ती मागं येऊन उभी राहिली, तर माझ्या तोंडून ते निघेना. ज्या जागी माणसं पावसाळ्याचे चार महिने टेकायची आणि पुन्हा चालू लागायची, तिथं उभं राहून कुणाला जाऊ नको म्हणायचं?

दुसरंच निघालं. "डबा रिकामा दिलास."

तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला.

"मला पाण्यात ढकललं असतंस तरी चाललं असतं, जुबे. रिकामा दिलास."

"मग काय करू?" ती एकदम रडायलाच लागली. "भरून दिला असता तर तू भरून धाडणार. मी नसणार घरात. तुझा डबा येऊन कुलपापुढं थांबणार, पारू. पन्नास वर्षांत असं झालं नाय. म्हणून म्हटलं, माझ्याच हातानं मोकळा करते."

बाय, मी काल दुपारपासून हिच्यावर रागावून बसले होते आणि हिनं त्या डब्याची माझ्यापेक्षा जास्त काळजी केली होती.

मी पिशवी ओढली. डबा काढला. पायरीवर आपटलो तेव्हा झाकणाला दुसरा पोचा पडला होता, पहिल्याच्या शेजारी. भाकरीतून उरलेल्या नाचणीच्या पिठाची पुरचुंडी सोडली आणि तिथंच, त्या ओट्यावर, डबा भरला. दाबून, वर शीग लावून. झाकण लागेना, तेव्हा शीग हातानं पुसली आणि ते पीठ दोघींच्या तळहातांना लागलं.

"विमानात घेतील?" तिनं नाक पुसत विचारलं.

"पीठ हाय. बंदूक नाय."

"न् डबा परत कसा धाडू?"

"धाडायचा नाही," मी म्हटलं. "आणायचा."

वीर

उतरताना कवितानं आपल्या घरी नेलं. वालाचं बिरडं चुलीवर होतं, ते खाल्ल्याशिवाय तिनं सोडलं नाही. उरलेली चटणी मी तिच्या वाटीत ठेवली. निघताना तीच वाटी माझ्या हातात आली, सोललेल्या वालांनी भरून. ती माझ्याकडंच आहे अजून. पौर्णिमेआधी तिच्याकडं जायला हवं, वाटी थांबली आहे.

आठव्या दिवशी मी वीरला गेले, स्टेशनावर. जुबेदाच्या मोठ्या बॅगा भावाच्या पोरांनी चढवल्या. डबा बॅगेत नव्हता. तो तिच्या मांडीवर होता, रुमालात बांधलेला. खिडकीतून मी म्हटलं, "पडेल गो, आत ठेव."

"पडू दे," ती म्हणाली. "तिसरा पोचा."

गाडी हलली. आम्ही रडलो नाही. रडायचं होतं ते वर झालं होतं.

आता बाय, तुला सांगायचं ते सांगून झालं. पुढच्या खेपेला गाडी थांबव, पायऱ्या चढ. ती छत्री बघून ये, खाली कविता असेल तर माझं नाव सांग. हे लिहिलेलं जुबेदाची नात तिला तिकडं वाचून दाखवणार आहे, म्हणून उरलेलं आता तिलाच सांगते.

जुबे, पीठ एव्हाना संपलं असेल. डबा चिंचेनं घासू नको, तिकडं चिंच महाग असेल. त्यात काय घालायचं ते तुझं तू ठरव, खजूर घाल नाहीतर तिकडची वाळू घाल. मी सोड्यात आमसूल घालायला शिकले आहे, पण ते तू आल्याशिवाय कबूल करणार नाही. माझ्या फडताळात डब्याची जागा मोकळी ठेवली आहे, तिथं सुनेला काही ठेवू देत नाही. वाल फुलायच्या आत ये गो. लवकर ये.